छाती धडधडते, हात थरथरतात: बीटा ब्लॉकर घेण्याआधी

मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आली २०२१ मध्ये, पण तिथल्या घरांचं वेळापत्रक त्याच्या कितीतरी आधीच शहराचं झालं होतं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र असलेल्या या पट्ट्यात आजही कुणाच्या रानात ऊस उभा असतो, आणि त्याच घरातली मुलगी मगरपट्ट्याला नाहीतर खराडीला कंपनीत मुलाखत द्यायला निघालेली असते. कुणाची एमपीएससीची मुलाखत, कुणाची नर्सिंगची तोंडी परीक्षा, कुणाला साहेबांसमोर प्रेझेंटेशन. तयारी पक्की असते. पण नाव पुकारलं की छाती धडधडायला लागते, हात थरथरतात, आवाज कापतो. मग ओळखीचं कुणीतरी कानात सांगतं, "अगं, अर्धा तास आधी सिप्लारची एक गोळी घे. काही होत नाही."

सिप्लार म्हणजे प्रोप्रॅनोलॉल, बीटा ब्लॉकर गटातलं औषध. सांगणाऱ्याचा सल्ला अगदीच निराधार नसतो, कारण थरथर आणि धडधड या गोळीने खरंच कमी होते. घातक आहेत ते शेवटचे तीन शब्द, "काही होत नाही". ज्याला ती चालते त्याने डॉक्टरांना विचारून, ठरावीक प्रसंगापुरती घेतली तर तिचा चांगला उपयोग होतो. दमा असलेल्या माणसाने मैत्रिणीच्या पर्समधली उसनी घेतली, तर तीच गोळी त्याला थेट आयसीयूत नेऊ शकते. म्हणून ही गोळी कुणी, कशी, कधी घ्यायची आणि कुणी तिच्या वाटेला जायचंच नाही, ते नीट समजून घेऊ.

आधी अंगात काय होतं ते पाहू. मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. समोर बिबट्या आहे की तीन माणसांचं मुलाखत मंडळ, याचा भेद शरीर करत नाही. अ‍ॅड्रेनलिन रक्तातून हृदयाकडे, स्नायूंकडे, फुप्फुसांकडे जातं आणि तिथल्या पेशींवरच्या बीटा रिसेप्टर नावाच्या जागी जाऊन बसतं. हृदय जोरात धावायला लागतं, स्नायूंना बारीक कंप सुटतो. एसटीत सीट धरायला आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, तेच काम प्रोप्रॅनोलॉल करतं. अ‍ॅड्रेनलिन येण्याआधी ते बऱ्याच जागा धरून ठेवतं. अ‍ॅड्रेनलिन येतं, पण त्याला बसायला जागा कमी मिळते. काही तासांनी गोळीचा अंमल उतरतो आणि जागा पुन्हा मोकळ्या होतात.

यावरूनच गोळीकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं. धडधड कमी होते. हातांचा आणि आवाजाचा कंप कमी होतो. घाम मात्र फारसा थांबत नाही, कारण घामाच्या ग्रंथींना निरोप वेगळ्या रसायनाकडून जातो. घशाची कोरड जात नाही. उलट कुणाकुणाला ती या गोळीनेच जाणवते. आणि "मला उत्तर आलं नाही तर?", "सगळे हसतील" हे विचार गोळी पुसत नाही. हात स्थिर आहेत, नाडी शांत आहे हे लक्षात आल्यावर मनही थोडं सावरतं, तेवढा फायदा खरा. शरीर घाबरलं की मन आणखी घाबरतं आणि मन घाबरलं की शरीर, या चक्रातला एक दुवा गोळी सैल करते. त्याहून जास्त तिच्याकडून मागू नका.

हे औषध मुळात भीतीसाठी शोधलेलंच नव्हतं. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक आयसीआय या ब्रिटिश कंपनीत काम करत होते आणि हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्या रुग्णांसाठी त्यांना काहीतरी करायचं होतं. हृदयाला जास्त प्राणवायू पोचवण्यापेक्षा हृदयाची गरजच कमी करता आली तर, असा त्यांचा उलटा विचार होता. त्यातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळालं. चिंतेच्या रुग्णांना हे औषध देऊन पाहिल्याचा अभ्यास १९६६ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. त्यात फरक दिसला तो मुख्यतः शारीरिक लक्षणांत. पुढे तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांवर याच गटातल्या दुसऱ्या औषधाचे प्रयोग झाले. व्हायोलिनवर बो धरलेला हात जरा जरी कापला तरी सूर कापतो, त्यामुळे तिथे परिणाम लगेच ऐकू येत होता. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या वाद्यवृंदांच्या पाहणीत सुमारे २७ टक्के वादकांनी बीटा ब्लॉकर घेत असल्याचं सांगितलं, आणि त्यातले कितीतरी जण डॉक्टरांना न विचारता घेत होते. म्हणजे उसनी गोळी ही काही केवळ आपल्याकडची सवय नाही.

आपल्याकडे ही गोळी स्वस्त का, यामागे मुंबईचा एक धागा आहे. मुंबईच्या सिप्ला कंपनीने प्रोप्रॅनोलॉल इथे बनवायला घेतलं तेव्हा आयसीआयने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण इंदिरा गांधींपर्यंत गेलं, असं सिप्लाचे प्रमुख राहिलेले युसूफ हमीद सांगत आले आहेत. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. त्याने औषधावरचं पेटंट काढून फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं, आणि भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. हृदयरोग, रक्तदाब आणि मायग्रेनच्या लाखो रुग्णांचं त्यात भलं झालं. मात्र स्वस्त आणि सहज मिळणारी वस्तू आपण निरुपद्रवी धरून चालतो, तसं याही गोळीचं झालं. कायद्याने ती शेड्यूल एच मधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर चिडू नका. तो त्याचं काम करतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला दमा असेल, लहानपणी होता आणि आता नाही असं वाटत असेल, थंडीत किंवा धुळीत छातीतून घरघर ऐकू येत असेल, तर प्रोप्रॅनोलॉल तुमच्यासाठी नाही. फुप्फुसांतल्या नळ्या मोकळ्या ठेवायला जे बीटा रिसेप्टर लागतात, तेही ही गोळी अडवते. नळ्या आवळल्या जातात. त्याहून वाईट म्हणजे अशा वेळी इनहेलरमधलं सालब्युटामॉलही नीट लागू पडत नाही, कारण त्यालाही त्याच जागा हव्या असतात. मांजरीसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला बांधकामांची आणि सोलापूर रस्त्याची धूळ आणि दुसऱ्या बाजूला कुणी पेटवलेल्या पाचटाचा धूर, अनेकांचा दमा कधी नाव घेऊन समोर आलेलाच नसतो. "मला जरा धुळीची अ‍ॅलर्जी आहे" एवढंच ते सांगतात. डॉक्टरांना ती धुळीची अ‍ॅलर्जीसुद्धा सांगा. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढून किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्यांनाही हाच नियम.

मधुमेहींनी दुसऱ्या कारणाने जपायचं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अचानक खाली गेली की छाती धडधडते आणि हात थरथरतात. ती शरीराची धोक्याची घंटा असते आणि ही गोळी नेमकी तीच घंटा बंद करते. घाम तेवढा येत राहतो. घरात मधुमेही माणूस डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रोप्रॅनोलॉल घेत असेल तर दरदरून घाम फुटला की आधी ग्लुकोमीटरने साखर बघा.

हृदयाचे ठोके मुळातच मंद असलेले, हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा असलेले, रक्तदाब कमी राहणारे, हृदय अशक्त झाल्याने पायांवर सूज येणारे, थंडीत बोटं पांढरीफटक पडणारे, यांनीही स्वतःहून ती घेऊ नये. रक्तदाबासाठी व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल, तर दोन्हींच्या एकत्र परिणामाने हृदयाचे ठोके फार मंदावू शकतात. ज्यांना मधमाशी चावल्यावर किंवा शेंगदाण्यासारख्या पदार्थाने जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी येते, त्यांना वाचवायला अ‍ॅड्रेनलिनचंच इंजेक्शन देतात आणि ही गोळी पोटात असली की त्याचा गुण कमी पडू शकतो. गरोदर असाल, दिवस राहण्याचा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही सांगा.

नाडी मोजायला कुठे जावं लागत नाही. पाच मिनिटं शांत बसा. डाव्या हाताचा तळवा वर करा आणि अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. जोरात दाबलं तर ठोका हरवतो. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर ठोका चुकत असला तरी कळत नाही. आकडा साठच्या खाली आला तर गोळीचा विषय डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे नेऊ नका. ठोके मध्येच गाळले जात असतील तर तेही सांगा. सकाळी चहाच्या आधी दोन-तीन दिवस हे करून आकडे लिहून नेले, तर डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

डॉक्टर कोणते, असा प्रश्न येतो. घरचे नेहमीचे एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर सुरुवातीला पुरेसे आहेत. चांगले डॉक्टर लगेच गोळी लिहून देणार नाहीत. ते आधी धडधडीचं कारण विचारतील, आणि त्यांनी नाही विचारलं तर तुम्ही विचारा. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली तरी छाती धडधडते आणि हात थरथरतात. अंगात रक्त कमी असलं तरी जिना चढताना जीव घाबरा होतो, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये हे फार आढळतं. "टेन्शन घेतेस तू" म्हणून त्यांची बोळवण होते आणि हिमोग्लोबिन कुणी तपासतच नाही, याची मला चीड येते. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच आणि एक ईसीजी या तीन साध्या तपासण्यांत बरंच स्पष्ट होतं. दिवसाला सहा-सात कप चहा होत असेल तर तोही मोजून सांगा. चालताना छातीत दुखणं, धडधडीबरोबर चक्कर येऊन पडणं, घरात तरुणपणी कुणी अचानक गेलेलं असणं, यातलं काहीही असेल तर विषय मुलाखतीच्या भीतीचा राहत नाही. आधी हृदयाची तपासणी करून घ्या. छातीत दुखत असताना घाम फुटला, श्वास लागला तर १०८ ला फोन करा.

गोळी मिळाल्यावर पट्टी उलटून बारीक अक्षरं वाचा. हे काम कुणी करत नाही आणि इथेच मोठी फसगत होते. प्रोप्रॅनोलॉल एकटंही मिळतं आणि एटिझोलॅम, क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलॅमबरोबर एकाच गोळीतही मिळतं. नावं इतकी सारखी, की ब्रँडच्या नावापुढे एखादं छोटं अक्षर किंवा 'प्लस', 'बीटा' असा शब्द जोडलेला असतो, एवढाच फरक. ही दुसरी औषधं गुंगी आणणारी आणि सवय लावणारी आहेत. मुलाखतीच्या दिवशी ती पोटात गेली तर हात स्थिर राहतील, पण नेमका मुद्दा आठवणार नाही, आणि दुचाकीवरून सोलापूर रस्त्याने जाणं धोक्याचं होईल. दुसरं पाहायचं ते नावापुढचं एलए, एसआर किंवा टीआर. ही हळूहळू सुटणारी गोळी किंवा कॅप्सूल रोज घेणाऱ्यांसाठी असते. एका प्रसंगासाठी ती उपयोगाची नाही. ती फोडून किंवा चावून तर कधीच घेऊ नये.

एका प्रसंगासाठी डॉक्टर बहुधा १० ते ४० मिलिग्रॅमच्या दरम्यानचा डोस लिहितात आणि सुरुवात खालच्या टोकापासून करतात. साधारण तासभर आधी घ्यायची, अंमल तीन-चार तास टिकतो. पण पहिली गोळी मुलाखतीच्या दिवशी घ्यायची नाही. सुट्टीच्या दिवशी, घरात कुणी असताना घेऊन बघा. आधी नाडी मोजा, तासाभराने पुन्हा मोजा. उठून उभं राहा, जिना चढा. चक्कर येते का, हातपाय गार पडतात का, अंगात जडपणा वाटतो का, छातीत घरघर होते का, ते पाहा. घरघर झाली किंवा श्वास अडला तर लगेच दवाखाना गाठा आणि ती गोळी पुन्हा घेऊ नका. सगळं ठीक असेल तर त्याच तासाभरात आरशासमोर किंवा भावासमोर आपलं प्रेझेंटेशन म्हणून बघा. त्या दिवशी तुम्ही जेवून घेतली की उपाशीपोटी, तेही लक्षात ठेवा आणि खऱ्या दिवशी तसंच करा, कारण अन्नाबरोबर ती अंगात थोडी जास्त भिनते. "आज मोठा दिवस आहे, दोन घेतो" हे करू नका. दारूबरोबर तर नकोच.

ही गोळी कुणाच्या कामाची, तर ज्याची भीती ठरावीक प्रसंगाला बांधलेली आहे त्याच्या. वर्षातून चार वेळा भाषण करावं लागतं आणि फक्त तेव्हाच हात कापतो. संमेलनात सतार वाजवायची आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात कपबशी खडखडते. अशांना गोळीने पहिला अनुभव चांगला जातो आणि पुढे कित्येकांना ती लागतही नाही. पण ज्याला काही कारण नसताना रोज काळजी खाते, रात्री झोप लागत नाही, बाजारात किंवा लोकलमध्ये अचानक जीव जातोय असं वाटतं, माणसं टाळत टाळत ज्याचं जग एका खोलीएवढं उरलं आहे, त्याने बीटा ब्लॉकरवर विसंबून राहणं म्हणजे उपचार लांबवणं आहे. चिंतेच्या आजारांवर प्रोप्रॅनोलॉलचा उपयोग किती, याचा जुन्या अभ्यासांवरून २०१६ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा पुरावा अपुराच निघाला. तिथे मानसोपचारतज्ज्ञांची औषधं वेगळी असतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि त्यांच्या जोडीला बोलून करायचे उपचार असतात. मराठी वाचकाला यातली एक वाट परकी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्या भाषेत रुजवली आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने, डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ती घराघरांत नेली. "सगळे हसतील" हा विचार तपासून बघायचं जे काम गोळी करू शकत नाही, ते तिथे होतं.

खेळाडूंनी आणखी सावध राहायचं. बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर जाणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना हे ठाऊक हवं, की नेमबाजी आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकर बंदी असलेली औषधं आहेत, स्पर्धेबाहेरच्या सरावाच्या काळातसुद्धा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळेच काढून घेतली गेली. मायग्रेनसाठी लिहून दिलेली गोळी असली तरी आधी रीतसर परवानगी काढावी लागते.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. प्रमाणाबाहेर घेतली गेली तर ही गोळी फार झपाट्याने जिवावर बेतते. घरात कुणी निराशेत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर भरलेल्या पट्ट्या कपाटात ठेवू नका. लागेल तेवढ्याच आणा आणि स्वतःच्या ताब्यात ठेवा. चुकून किंवा जाणूनबुजून जास्त गोळ्या गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता पट्टी बरोबर घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठा. मनाचं बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

गोळी रोज घेण्याची वेळ आली असेल तर ती मनाने अचानक बंद करू नका. इतके दिवस धरून ठेवलेल्या जागा अ‍ॅड्रेनलिनला एकदम मोकळ्या मिळतात, ठोके आणि रक्तदाब उसळतात आणि ज्याच्या हृदयात आधीच बिघाड आहे त्याला झटका येऊ शकतो. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवून देतात. आणि ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगा. साधी दाढ काढायला गेलात तरी सांगा, कारण हिरडी बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, आणि प्रोप्रॅनोलॉल घेतलेल्या माणसात त्याने रक्तदाब एकदम चढू शकतो.